विहाराच्या अंगणात एक वाफा मुलांचा

जून उजाडला की शाळाशाळांतून वृक्षारोपण होते. खड्डा आधीच कोणीतरी खणून ठेवलेला असतो. पाहुणे येतात, रोपाला हात लावतात, फोटो निघतो, मुले टाळ्या वाजवतात. त्या रोपाचे पुढे काय झाले हे विचारायला ऑगस्टमध्ये कोणी फिरकत नाही. या सगळ्यात मुलांच्या हाताला माती लागलेली नसते.

आम्ही बोलणार आहोत ते बागकाम वेगळे आहे. मुलाने स्वतः पेरायचे, स्वतः पाणी घालायचे, महिन्याभराने स्वतः खुडायचे आणि घरी नेऊन खायचे. यंदाच्या वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत, प्रत्येक विहाराने आपल्या अंगणातला एक वाफा मुलांच्या हवाली करावा, अशी आमची मागणी आहे. अंगण नसेल तर गच्ची, तीही नसेल तर चार फुटक्या बादल्या. आरोग्याच्या पानावर हा विषय का, हे पुढे सांगतो. पण आधी एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे.

“पोरांना परत मातीत घालता का?”

वस्तीत हा विषय काढला की एखादे आजोबा किंवा एखादी आई हा प्रश्न विचारतेच. प्रश्न खरा आहे. आपल्या आजा-पणज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात मरमर काम केले. वतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहिली. त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. गाव सोडा, शिका, शहराकडे चला, असे त्यांनी सांगितले. मग ज्या मातीतून आपण मोठ्या कष्टाने पाय काढला, तिथेच मुलांचे हात पुन्हा का घालायचे?

आमचे उत्तर असे आहे. आपला विरोध मातीला कधीच नव्हता. राबायचे आपण आणि पीक न्यायचे दुसऱ्याने, या व्यवस्थेला विरोध होता. तसे नसते तर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली हजारो स्त्रिया लेकरे कडेवर घेऊन भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या नसत्या. त्या जमीनच मागत होत्या. स्वतःच्या हक्काच्या वाफ्यात स्वतः पेरणे आणि आलेले पीक स्वतः खाणे ही वेठ नव्हे. चार बादल्यांत तांदुळजा लावल्याने जमिनीचा प्रश्न सुटत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण आपल्या मुलाला भाजी म्हणजे बाजारातल्या प्लास्टिकच्या पिशवीतली वस्तू एवढेच ठाऊक असेल, तर जमिनीचा प्रश्न काय असतो हे तरी त्याला कसे कळणार?

मात्र या आक्षेपात एक इशारा आहे आणि तो आम्ही मानतो. शाळेत बागेचे काम निघाले की कुदळ कोणाच्या हाती जाते आणि रोपाला पाणी घालतानाचा फोटो कोणाचा निघतो, यावर पालकांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. झाडू, शेण, खड्डा एका वस्तीच्या मुलांकडे आणि फुले, बक्षीस, भाषण दुसऱ्या वस्तीच्या मुलांकडे, अशी वाटणी आजही होते. मुले घरी येऊन सांगत नाहीत, कारण त्यांना ते नेहमीचेच वाटते. शाळेत परसबाग असावीच, पण कामाची पाळी फळ्यावर लिहिलेली असावी आणि हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांची यावी. तशी नसेल तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा. विहारातल्या वाफ्यालाही हाच नियम लावा. मुलगे खणतील आणि मुली झाडतील, असे आपल्याकडेही चालू देऊ नका.

रक्ताचा हिशोब

आता आरोग्याकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय आहे. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण १०० मागे ५४ आहे. पाच वर्षांखालील १०० पैकी ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. ही सरासरी झाली. जिथे मजुरी रोजची, घर भाड्याचे आणि भाजी पाव किलोने विकत घ्यायची, तिथे काय असेल याचा अंदाज वाचकांना आहेच.

वस्त्यांतून हिंडताना आम्ही मुलांच्या खालच्या पापण्या ओढून पाहतो, नखे पाहतो, आणि जेवण काय केले ते विचारतो. उत्तर ठरलेले असते. सकाळी चहा-टोस्ट किंवा चहा-चपाती, दुपारी शाळेतली खिचडी, मध्ये पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा, रात्री भात आणि पातळ वरण. हिरवी भाजी आठवड्यातून एकदा, तीही मुलाने बाजूला काढून ठेवलेली. आया म्हणतात, “काय करू ताई, पालेभाजीला तोंडच लावत नाही.”

इथेच बागकामाचा पहिला फायदा आहे. पाच मिनिटांपूर्वी ज्या मुलाने स्वतःच्या हाताने भाजी खुडली, ते मूल ती भाजी निदान चाखून तरी बघते. दोन-तीनदा चाखली की खाऊ लागते. भाषणाने हे होत नाही, रागावून तर मुळीच नाही. आम्ही दोन्ही पुष्कळ करून पाहिले आहे.

पण बागेकडून भलत्या अपेक्षाही नकोत. पालेभाजीतले लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते. मटण, कलेजी, मासळी यांतले लोह शरीराला जास्त सहज मिळते. म्हणून ज्या घरात हे खाल्ले जाते तिथे ते कमीपणाचे मानून सोडू नका, आणि अंड्याला नावे ठेवणाऱ्यांचे ऐकू नका. पालेभाजीसोबत लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा द्या. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर तासभर चहा नको, तो लोहाला अडवतो. शाळा-अंगणवाडीतून मिळणारे लोहाचे औषध चालूच राहिले पाहिजे. पाच वर्षांखालील बालकांना आठवड्यातून दोनदा सिरप, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी. वाफा या सगळ्याच्या जोडीला आहे, या सगळ्याच्या ऐवजी नाही.

काय लावायचे, कोणी लावायचे

पावसाळ्यात लावण्यासारखे आणि मुलांचा धीर सुटण्याआधी हाती येणारे तेवढेच सांगतो.

तीन ते पाच वर्षांच्या बालकांना मटकी आणि मूग द्या. रात्री भिजवायचे, सकाळी फडक्यात बांधायचे, संध्याकाळी उघडून पाहायचे. मोड बाहेर आलेला दिसला की या वयाची मुले जी ओरडतात ती ऐकण्यासारखी असते. मोड खाण्याआधी वाफवून घ्या. पावसाळ्यात कच्चे मोड लहानांना नकोत, पोट बिघडते. उरलेले चार दाणे करवंटीत मातीत टाका आणि ते करवंटीचे झाड त्या बाळाच्या नावाने ठेवा.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना पालेभाजी द्या. तांदुळजा सर्वांत सोपा. बी खसखशीएवढे बारीक असते, म्हणून मूठभर कोरड्या मातीत मिसळून भुरभुरायचे. नाहीतर सगळे एकाच जागी पडते. २५ ते ३० दिवसांत भाजी खुडता येते, आणि मुळासकट न उपटता शेंडे खुडले तर पुन्हा फुटते. अंबाडी विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या घरांची ओळखीची भाजी. तिला फार लाड लागत नाहीत. मेथी लावायची तर पत्र्याच्या आडोशाला घमेल्यात लावा. झोडपणाऱ्या पावसात ती सडते. बाजारातून आणलेल्या पुदिन्याची पाने खुडून झाली की काड्या फेकू नका. खालची पाने काढून त्या ग्लासभर पाण्यात ठेवल्या की मुळ्या फुटतात.

दहा वर्षांपुढच्यांना वेल आणि शेंगा द्या. भेंडी दीड महिन्यात, चवळी आणि दोडका दोन महिन्यांच्या आसपास येऊ लागतात. दोडक्याचा वेल सुतळीने पत्र्यावर चढवला तर उन्हाच्या दिवसांत घरात थोडा गारवाही मिळतो. आणि विहाराच्या कुंपणाला एक शेवगा हवाच. मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटी फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली की ती धरते. शेंगांची वाट पाहण्याचे कारण नाही, त्याचा पाला आधी खायचा. भाजीत, थालीपिठात, वरणात, कशातही जातो.

पेरण्याइतकेच ओळखणेही महत्त्वाचे आहे. घोळ, तरोटा, कुर्डू, पाथरी या आपल्या आज्यांनी बांधावरून खुडून आणलेल्या भाज्या. त्यांच्यावर टंचाईच्या दिवसांत घरे जगली. आज त्याच ‘रानभाज्या महोत्सवा’त महाग विकल्या जातात आणि आपली मुले त्यांना गवत म्हणतात. महिन्यातून एक रविवार वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विहारात बोलवा आणि तिला शिक्षिका करा. तिला अक्षर येत नसेल, पण पन्नास पाने ती नुसत्या वासावरून ओळखते. नियम एकच. आजीने ओळखल्याशिवाय मुलांनी कुठलेही पान तोंडात घालायचे नाही. सांडपाण्याच्या नाल्याकाठचे आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधाचे तर कधीच नाही.

माती, कुंडी, खत यांसाठी पैसे खर्च करू नका. फुटकी बादली, तेलाचा पत्र्याचा डबा, सिमेंटची गोणी चालते. तळाला चार भोके पाडा. मात्र शेतीच्या औषधाचा डबा कितीही धुतलेला असला तरी घेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. हे विष धुतल्याने जाते असे समजू नका. खतासाठी एका जुन्या माठात भाजीची देठे, साली आणि वाळलेला पाला थरावर थर टाका, वर मूठभर माती. पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नका. अडीच-तीन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. पाणी आंघोळीचे चालते, पण ते वेलाला आणि शेवग्याला. पालेभाजीला साबणाचे पाणी नको.

नर्सच्या पिशवीतून

मातीत खेळणाऱ्या मुलांसाठी काही गोष्टी आम्ही हट्टाने सांगतो.

अनवाणी पायाने ओल्या मातीत उतरले की हुककृमीच्या अळ्या तळव्याच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पितात. वाफ्यात उतरणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पायात काहीतरी हवे, निदान स्लिपर. काम झाल्यावर साबणाने हात आणि नखे धुणे सक्तीचे. शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिवशी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नका. धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते कार्डावर पाहा. ५-६ व्या, १० व्या आणि १६ व्या वर्षीचा डोस बरेचजण विसरतात.

कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा उपडी करून कोरडी करा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. हे काम मुलांच्या एका जोडीला ‘डास पहारा’ म्हणून द्या, ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

विटा, गोण्या, पालापाचोळा हाताने उचलायचा नाही, आधी काठीने हलवायचा. साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. चावलेला अवयव हलू न देता मुलाला थेट सरकारी दवाखान्यात न्या. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास जीव घेतो. विंचवाचेही तेच. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. त्यामुळे विंचू उतरवणाऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

आणि सिकलसेल. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. वाफ्यावर येणाऱ्या मुलांपैकी कोणाची तपासणी व्हायची असेल तर ती आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. सिकलसेलग्रस्त मुलाला घरी बसवू नका, बागेत आणा. पण भर उन्हात खणायला लावू नका, पावसात भिजू देऊ नका आणि दर थोड्या वेळाने पाणी पाजा. शरीरातले पाणी कमी झाले किंवा थंडी भरली की दुखण्याचा झटका येतो. बी निवडणे, रोपांची उंची मोजणे, वही लिहिणे ही कामे त्याला मानाने द्या. अशा मुलाला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

वाफा हीच प्रयोगशाळा

वाफ्याजवळ एक वही ठेवा. कोणत्या तारखेला काय पेरले, कितव्या दिवशी उगवले, उंची किती, पाऊस पडला की नाही, हे मुलांनी लिहावे. शेवटी खुडलेली भाजी तराजूत घालून वजन लिहावे. गणित आणि विज्ञान दोन्ही इथेच होतात.

आमच्या मते याहूनही मोठा धडा दुसरा आहे. पाळी आलेल्या बाईने हात लावला तर रोप सुकते, ही समजूत बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही कुठे कुठे चोरपावलाने शिरलेली आहे. वाफ्यावरच्या एखाद्या कार्यकर्त्या ताईने पुढे व्हावे आणि सांगावे, मला आज पाळी आहे, या ओळीला मी पाणी घालते, शेजारच्या ओळीला दादा घालील. आठ दिवसांनी मुलांनी दोन्ही ओळी मोजाव्यात. मुलींना मात्र असे सांगायला कधीही लावू नका, तो त्यांचा खासगी विषय आहे. अमावस्येला पेरलेले उगवत नाही म्हणतात ना, तेही पेरून पाहा. परंपरेने आले, थोरांनी सांगितले, ग्रंथात आहे एवढ्यावर मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ‘ये आणि पाहा’ हा धम्माचा बाणा नऊ वर्षांच्या मुलाला समजावायला चार तांदुळज्याच्या ओळी पुरतात.

हे धम्माचेच काम आहे

विहार प्रार्थनेसाठी आहे, तिथे भाजी कशाला, असे म्हणणाऱ्यांना आम्ही गिरनारकडे बोट दाखवतो. तिथल्या सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या उपचारांची सोय केल्याचे, जिथे औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळे नव्हती तिथे ती आणून लावल्याचे, विहिरी खणल्याचे आणि झाडे लावल्याचे कोरलेले आहे. बावीसशे वर्षांपूर्वी एका बौद्ध राजाने दवाखाना आणि बाग एकाच आज्ञेत घातली. वर्षावासाचा नियमही याच जाणिवेतून आला. पावसाळ्यात भिक्खूंच्या पायांखाली कोवळे अंकुर आणि बारीक जीव तुडवले जाऊ नयेत म्हणून त्यांनी एका जागी राहावे, असे ठरले. ज्या तीन महिन्यांत आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते, त्याच तीन महिन्यांत बाहेर अंगणात पेरणीला अनुकूल पाऊस असतो. वाचनाला मोठी माणसे बसतात, मुले कंटाळून पायऱ्यांवर धिंगाणा घालतात. त्यांना बाहेर वाफा द्या.

खर्चाचा प्रश्न फारसा नाही. बियांची पाकिटे काही दहा रुपयांत मिळतात, काही शेजारणीकडून मागून. प्रश्न इच्छेचा आणि जागेचा आहे. विहार समितीने एका बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. वाफ्याची जागा कोणती, तिथल्या पाण्याची सोय काय, आणि रविवारी सकाळी तासभर मुलांसोबत थांबणारे दोन जण कोण. त्या दोघांत एक पुरुष असावा. मुलांचे आणि जेवणाचे म्हटले की महिला मंडळावर ढकलायची आपली सवय मोडू द्या. विहाराला कोपरा नसेल तर नगरसेवकाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे वस्तीतली मोकळी जागा लेखी अर्जाने मागा. अर्जाखाली मुलांचीही नावे असू द्या.

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होते. त्या दिवशी उपासक-उपासिका खीर आणतात, दान देतात. यंदा त्या पंगतीत एक पातेले मुलांच्या वाफ्यातल्या भाजीचे असावे. पाव किलो असो नाहीतर दोन किलो, वाढपी मुलेच असावीत आणि पहिला घास त्यांनी घ्यावा. त्यानंतर शेवटच्या दोडक्याचे आणि भेंडीचे बी राखेत घोळवून बाटलीत भरा, बाटलीवर साल आणि पेरणाऱ्यांची नावे लिहा, आणि ती विहाराच्या कपाटात पुस्तकांशेजारी ठेवा. पुढच्या आषाढात ती लागणारच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!